अनुपस्थिताचा हक्क

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यास काही मर्यादा असू शकेल अशी शंकाही आपणांस येत नाही. पुण्यामुंबईसारख्या शहरांतून संगणकाचे शौकीन तरुण ठराविक दिवशी एकत्र जमतात व परस्परांस आपले ज्ञान मुक्तहस्ताने देतात, ही गोष्ट खरोखर कौतुकास्पद होय. परंतु अशा मंडळाने काय द्यावे आणि काय देऊ नये, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अशा मंडळांपैकी एका प्रख्यात मंडळाचा इतिहास ह्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच ह्यांच्या मोटारखान्यात सुमारे तीस माणसे जमली. 'आल्टेअर ८८००' नावाचे, सुटे भाग मागवून घरी जुळवावयाचे यंत्र नुकतेच निघाले होते. ते जमण्याचे निमित्त. फ्रेंच व शांततावादी फ्रेड मूर ह्यांनी आरंभिलेले हे मंडळ 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' ह्या नावाने प्रसिद्धीस आले आणि १९८६ पर्यंत चालले. सभा पंधरवड्याने भरे. ज्यास काही हवे असे वा काही ठाऊक असे, त्याने उठून ते सांगावे, आणि नंतर ज्याने त्याने आपल्या उपयोगाचा मनुष्य गाठावा, असा तेथील क्रम असे. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक ह्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा येथेच फुकट वाटला. तेच पुढे अ‍ॅपल कंपनीचे पहिले यंत्र ठरले.

ह्या उदारतेचे मर्म सभेच्या नियमितपणात होते, असे मला वाटते. आज ज्याच्यापासून घेतले तो पंधरा दिवसांनी पुन्हा समोर बसणार, हे ठाऊक असले म्हणजे घेणाऱ्यास परतफेडीची आठवण आपोआप राहते. लेखी नियमांहून ही डोळ्यांची भीड अधिक प्रभावी असते.

पण भीड समोरच्या माणसाचीच वाटते. १९७५ च्या जूनमध्ये आल्टेअरसाठी लिहिलेल्या 'बेसिक' ह्या आज्ञाप्रणालीची एक कागदी फीत प्रदर्शनातून नाहीशी झाली. तिच्या नकला मंडळात वाटल्या गेल्या, आणि एक नेणाऱ्याने पुढे दोन आणाव्यात असा संकेतही ठरला! तिचे कर्ते बिल गेट्स व त्यांचे सहकारी त्या सभेत नव्हते. ३ फेब्रुवारी १९७६ च्या उघड्या पत्रात गेट्स ह्यांनी ह्या कृत्यास चोरी म्हटले. आल्टेअर घेणाऱ्यांपैकी शेकडा दहांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, अशी त्यांची तक्रार होती.

पूर्वपक्ष दुबळा नाही. कित्येकांनी आगाऊ पैसे भरले होते व ते महिनोन्‌महिने वाट पाहत होते. शिवाय ह्या फैलावामुळेच ती प्रणाली सर्वत्र रूढ झाली, असेही पुष्कळ म्हणतात. तथापि, पैसे भरणाऱ्याचा हक्क फार तर त्याच्या एका प्रतीपुरता. दुसरी वाटण्याचा अधिकार त्यास कोठून आला? आणि मागाहून लाभ झाला म्हणून आधीचे कृत्य निर्दोष ठरत नाही. आपल्या धर्मशास्त्राने दानाचे लक्षण करताना स्वतःच्या स्वत्वाचा त्याग ही पहिली अट घातली, ती उगाच नव्हे. वॉझ्निअ‍ॅक ह्यांनी आराखडा दिला, तो स्वतःचा होता, ते दान. फीत वाटली गेली, ती परक्याची होती. तेथे दात्याने सोडले ते काय?

मंडळातील माणसे मूळची अप्रामाणिक होती असे मात्र नव्हे. त्यांच्यातीलच टॉम पिटमन ह्यांनी एक लहानशी बेसिक पाच डॉलरांस विकावयास काढली, तेव्हा लोकांनी पैसे धाडले; काहींनी तर मित्राकडून नक्कल आधीच मिळाली असताही धाडले. किंमत माफक होती हे खरे. पण कर्ता परिचित होता, हेही विसरता कामा नये.

म्हणून नवे मंडळ काढणाऱ्यांस इतकेच सुचवावेसे वाटते: दिवस नेमून ठेवा, नवख्यास बोलावयास अवसर द्या, आपले असेल ते हात न आखडता द्या, आणि दुसऱ्याची कृती पुढे देण्यापूर्वी तिचा कर्ता येथेच समोर बसला आहे असे क्षणभर समजा. उपस्थितांशी सौजन्याने वागणे संगतीनेही साधते. अनुपस्थिताचा हक्क राखावयास मात्र विवेकच लागतो.