वेबर्नचा नियम आणि काम्पोसची कविता

गवयावर कविता लिहावयाची म्हटले, की कवीच्या हाताशी पहिल्याने येते ती स्तुती. कंठाचे माधुर्य, मैफलीची रात्र, श्रोत्यांच्या डोळ्यांतले पाणी हा सारा सरंजाम आयताच असतो, आणि त्यातून निपजणारी कविता गवयाविषयी पुष्कळ सांगत असली, तरी त्याच्या गाण्यापासून ती काही शिकलेली असतेच असे नाही. संगीतकाराने आपल्या स्वरांवर जो नियम चालविला तोच आपल्या शब्दांवर चालविणे, ही याहून कितीतरी बिकट वाट होय. ब्राझीलमधील साऊँ पाउलू शहरी १९५३ साली आउगुस्तो द काम्पोस या जेमतेम बाविशीतल्या कवीने ती धरली, आणि पुढे काँक्रीट काव्य या नावाने जे जगभर गेले, त्याच्या उगमस्थानांपैकी एक तेथे आहे.

काम्पोसचा संगीतकार होता व्हिएन्नाचा आंतोन वेबर्न. स्वरांच्या उंचसखलपणातून जशी धून उभी राहते, तशी ती वाद्यांच्या नादवर्णांतूनही उभी करता येईल, हा विचार वेबर्नचे गुरू शोनबर्ग यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. शिष्याने तो अंगी मुरविला. बाखची १७४७ मधील सहा सुरावटींची एक रचना वेबर्नने १९३४-३५ मध्ये वाद्यवृंदासाठी बांधली, ती या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. मूळ धून एकाच वाद्याकडे न सोपविता तिचे पहिले काही स्वर ट्राँबोनकडे, पुढचे हॉर्नकडे, मग ट्रंपेटकडे, अशी त्याने वाटणी केली, आणि मधूनच हार्पचा एखादा स्वर टिंबासारखा ठेवला. त्यामुळे धून तीच राहूनही तिचे सांधे प्रथमच कानांस दिसू लागतात.

काम्पोसने हीच तजवीज कागदावर केली. ‘पोएतामेनुस’ या सहा कवितांच्या मालिकेत वाद्यांची जागा रंगांनी घेतली असून शब्द, शब्दाचा तुकडा, प्रसंगी एकटे अक्षर निरनिराळ्या रंगांत पानभर विखुरले आहे, आणि त्यांच्यामधला कोरा कागद वेबर्नच्या विरामाइतकाच मोजूनमापून ठेवलेला आहे. १९५५ साली ‘नॉइगाँद्रेस’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ती छापली गेली, त्याच वर्षी तिचे अनेक आवाजांत वाचनही झाले. विशेष हे, की मालिकेचा विषय प्रेम आहे. एका कवितेत प्रेयसीचे नाव फुटून त्यातून अन्य भाषांतले शब्द उगवतात. नियम इतका कडक असताना भावना आटली नाही, उलट तिला आडोसा मिळाला.

आपल्याकडील जाणकार येथे संस्कृत चित्रकाव्यातील पद्मबंध, खड्गबंध यांचे स्मरण देतील आणि काव्यशास्त्रकार मम्मटाने चित्रकाव्यास अवर म्हणजे कनिष्ठ ठरविल्याचा दाखलाही काढतील. तो दाखला मला मान्य आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. बंधांत अक्षरे आधीच ठरलेल्या आकृतीत बसवावी लागतात; काम्पोसच्या पानावर कमळही नाही आणि खड्गही नाही, तेथे आकृती उमटते ती ऐकण्यातून. म्हणून ही पाने नुसती पाहून जो ‘हा अक्षरांचा खेळ’ म्हणून बाजूस सारील, त्याने अर्धीच कविता वाचली असे मी म्हणेन. मराठी कवीने हे करून पाहावे असे मला मनापासून वाटते. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी त्याने वेबर्नची सिंफनी, जी जेमतेम दहा मिनिटांची आहे, दोनदा तरी स्वस्थपणे ऐकावी.