वचनाची मुदत

निसर्गरक्षणासाठी दिलेला पैसा हे दान मानावे की देणे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः रकमेच्या आकड्यात शोधले जाते. किती दिले याची चर्चा होते. किती काळासाठी दिले, हे फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक प्रश्नाचे नैतिक मर्म तेथेच आहे. वनवृक्षाला पक्व होण्यास अनेक दशके लागतात, आणि अर्थसाहाय्याच्या योजना मात्र पाच-सात वर्षांच्या हिशेबाने आखल्या जातात. अरण्याकाठच्या माणसाला त्याची जुनी उपजीविका सोडावयास सांगितले जाते, तेव्हा त्याने ती कायमची सोडावी अशी अपेक्षा असते. त्याचा त्याग बेमुदत. त्याला दिलेले वचन मात्र मुदतीचे. हा व्यवहार न्याय्य म्हणावा काय?

१९९६ ते २००४ या काळात जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने, काही अंशी कर्ज आणि काही अंशी अनुदान अशा रूपात, भारतातील सात संरक्षित क्षेत्रांत परिसर-विकासाचा प्रकल्प राबविला गेला. केरळातील पेरियार, कर्नाटकातील नागरहोळे, राजस्थानातील रणथंभोर, गुजरातेतील गीर ही त्यांपैकी काही. गावाने अरण्यावरील आपला भार कमी करावा, त्या बदल्यात गावाला उपजीविकेची अन्य साधने मिळावीत, आणि खर्चाचा चौथा हिस्सा गावकऱ्यांनी स्वतः उचलावा, अशी त्याची रचना होती. या हिश्शातून गावाचा सामायिक निधी उभा राहावयाचा होता. मराठीत ‘भागीदार’ हा शब्द बाजारपेठेतून आला आहे, आणि बाजारपेठेत भागीदार तोट्याचाही धनी असतो. ज्याला वही पाहण्याचा अधिकार नाही त्याला तेथे भागीदार म्हणत नाहीत, गुमास्ता म्हणतात. शासकीय कागदांत हा शब्द येताना त्याचा हा अर्थ वाटेत कोठेतरी गळून पडतो.

नागरहोळ्यात तसेच घडले, असा तेथील आदिवासींच्या वतीने आक्षेप होता. आपल्याशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, आपल्यासाठी वेगळी योजना आखली गेली नाही आणि आपल्याला अरण्याबाहेर जावे लागेल, अशी तक्रार १९९८ साली बँकेच्या तपासणी मंडळापुढे गेली. मंडळाने चौकशीची शिफारस केली; बँकेच्या संचालकांनी ती मान्य केली नाही. निधी तोच, करारांची भाषा तीच.

पेरियारची हकीकत निराळी, आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारी आहे. वायना या रानदालचिनीची साल चोरून विकणारी माणसे तेथे वनखात्याला सापडत, सुटत आणि पुन्हा अरण्यात शिरत. त्यांच्याशी बोलणी होऊन त्यांचा गट बांधला गेला. ज्या चोरवाटा त्यांना ठाऊक होत्या त्यांवरूनच ती पर्यटकांना नेऊ लागली आणि गस्तही घालू लागली. मन्नान व पळियन या आदिवासींचे दुखणे वेगळे होते. त्यांच्या मिरीचे पीक वेलीवर असतानाच सावकाराच्या घशात गेलेले असे. समितीने ते कर्ज फेडण्यास साहाय्य केले आणि मिरी त्यांच्या हातून योग्य भावाने विकली जाऊ लागली. सावकारी पाश सुटल्यावर अरण्याचा पाशही सैल होतो, हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. योजनाकारांना मात्र ते शोधून काढावे लागले.

२००४ साली प्रकल्प संपला. अशा वेळी समित्यांचे फलक उरतात आणि समित्या उरत नाहीत, हा सर्वत्र येणारा अनुभव. पेरियारात त्यावर उपाय म्हणून प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले आणि पर्यटकांकडून घेतला जाणारा अधिभार त्याच्याकडे वळविण्यात आला. २००६ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी असे प्रतिष्ठान ही कायद्याची तरतूदच झाली. मुदतीच्या वचनाला दीर्घायुष्य देण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होय. तथापि त्याचा पाया पाहुण्यांच्या येण्यावर आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पर्यटन थांबले, तेव्हा हत्ती-वाघांना त्याचा काही उपद्रव झाला नाही. पर्यटकांना वाट दाखवून पोट भरणाऱ्यांची वाट मात्र बंद झाली. परदेशी निधीवरील परावलंबन जाऊन त्या जागी प्रवाशांवरील परावलंबन आले, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

याच परिसरात २००२ पासून ‘वसंत सेना’ या नावाने गावातील स्त्रिया गटागटाने अरण्यात गस्त घालीत आल्या आहेत, आणि त्याबद्दल वेतन घेत नाहीत. जे पैशाने विकत घेता येत नाही असे म्हटले जाते, ते येथे साक्षात आहे. त्यांच्याविषयी आदर वाटावा हे योग्यच; अडचण या आदराच्या उपयोगाची आहे. गरीब स्त्रियांचा निरपेक्ष श्रम आदर्श म्हणून मिरवावयाचा आणि त्याच दमात रक्षणाचा खर्च कमी झाल्याचे समाधान मानावयाचे, ही चलाखी सहज होते. घरातील स्त्रीच्या श्रमाबाबत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तेच केले. वेतन नाकारण्याचा अधिकार त्या स्त्रियांचा आहे. वेतन देऊ न करण्याचा अधिकार त्यातून इतर कोणाला मिळत नाही. त्या वेतन घेत नाहीत म्हणून त्यांचे मतही घेण्याची गरज नाही, असे प्रत्यक्षात कोणी म्हणत नाही. अरण्याचा कोणता भाग कोणासाठी खुला राहावा, अधिभाराचा पैसा प्रथम कोठे जावा, हे ठरविणाऱ्या बैठकीत त्यांच्यापैकी किती जणींना बोलावले जाते, एवढेच विचारावयाचे उरते.