मागच्या वर्षीचं कॅलेंडर

माधवच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक खिळा आहे. खिळ्यावर कॅलेंडर आणि कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेलं निळं पेन. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, वाण्याचं बिल, कामवाल्या मावशींची उचल, सगळं त्याची बायको राधिका त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिते. वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर काढायचं नाही, नवीन त्याच्यावरच अडकवायचं, ही तिच्या सासूबाईंची पद्धत. डोंबिवलीतल्या निम्म्या घरांत हेच सापडेल. पुढे या खिळ्याचं काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माधव रोज सकाळी आठच्या सुमाराची लोकल पकडून दादरला जातो. विमानात तो आयुष्यात तीनदा बसला होता. एका जूनमध्ये त्याला बढती मिळाली, आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या तळमजल्यावर टेबल मांडून बसलेल्या एका टायवाल्या मुलाने त्याला गाठलं. "सर, तुमच्या पोझिशनला हे कार्ड शोभतं."

शोभतं, या एका शब्दावर सही झाली. बाकीचं माधवने नंतर ऐकलं: विमानतळावरच्या लाउंजमध्ये मोफत प्रवेश, पेट्रोलवरचा अधिभार माफ, वर्षातून चार वेळा गोल्फ फुकट. (लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी दिवस सार्थकी लागणाऱ्या माणसाला गोल्फ!) वर्षाची फी 5,000 रुपये, वर 900 रुपये जीएसटी. वर्षभरात चार लाख खर्च केले तर पुढच्या वर्षीची फी माफ. शिवाय स्वागतभेट म्हणून एक ट्रॉली बॅग.

बॅग खरंच छान होती.

डिसेंबरात बंगळुरूला मेहुण्याचं लग्न निघालं. माधवने मुद्दाम दोन तास आधी मुंबई विमानतळ गाठला आणि राधिकाला घेऊन लाउंजच्या दारात उभा राहिला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घासलं, पुन्हा घासलं, आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की कार्ड चालत नाही. बँकेला फोन लावल्यावर उलगडा झाला. मोफत प्रवेशासाठी आधीच्या तिमाहीत 75 हजारांचा खर्च लागतो, माधवचा 66 हजारच भरला होता. मग दोघांनी गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. त्या लाउंजमधल्या उपम्यापेक्षा चांगल्या होत्या असं राधिका अजून सांगते. उपमा तिने अर्थातच चाखला नव्हता.

खरं तर तिथेच शहाणपण यायला हवं होतं. पण अशा वेळी माणसाला कार्ड कमी पडलं असं वाटत नाही, आपणच कमी पडलो असं वाटतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कार्डाचं मशीन नव्हतं, म्हणून माधवने किराणा जूनपासूनच मॉलमध्ये नेला होता. आता विजेचं बिल, औषधं, मुलीच्या क्लासचे पैसे, जे जे कार्डावर जाईल ते त्याने कार्डावर टाकलं. तरी महिन्याचा आकडा 22 हजारांच्या वर सरकेना. पाडव्याला बँकेचं ॲप म्हणालं, फी माफीसाठी आणखी 1,80,000 रुपये. हातात दोन महिने. नेहमीच्या खर्चाचे 44 हजार वजा जाता 1,36,000 कमी पडत होते.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक दारात उभा असताना मराठी माणसाला खरेदीचं कारण लागत नाही. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये 65 इंची टीव्ही आला, सोबत साउंडबार. बिल 1,38,000. "एरवी फुकट जाणारे 5,900 वाचले," माधव पेढा देताना म्हणाला. मी पेढा खाल्ला. शेजाऱ्याने याहून जास्त काय करावं?

त्या महिन्याचं कार्डाचं बिल आलं 1,60,000. माधवची भिस्त होती बोनसवर, आणि बोनस आला निम्मा. तो घराच्या हप्त्यात आणि शाळेच्या फीत जिरला. बिलावर एक छोटा, दयाळू आकडाही छापलेला होता: किमान भरणा, पाच टक्के, म्हणजे 8,000. माधवने तेवढे भरले.

जुलैत चिपळूणहून त्याची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. आत्याने तीस वर्षं एका पतपेढीच्या काउंटरवर काढलेली. खातेदार दारातून आत आला की कर्ज मागणार की ठेव ठेवणार हे तिला चपलांच्या आवाजावरून कळायचं, अशी तिची ख्याती. ऑपरेशननंतर आठवड्याभरात तिला बारीक अक्षरं दिसू लागली, आणि नव्या डोळ्याने तिने वाचायला घेतलेला पहिला कागद म्हणजे टीव्हीखाली पडलेलं माधवचं बिल.

"माधवा, हे पावणेसात हजार कसले रे?"

"व्याज असेल, आत्या."

"एका महिन्याचं?"

महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला 45. वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. पतपेढीत आयुष्य गेलेल्या बाईने हा दर दोनदा वाचला. त्याखालची ओळही वाचली: आधीची बाकी राहिली असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू. म्हणजे मे महिन्यात घेतलेल्या तुरीच्या डाळीवरसुद्धा माधव व्याज भरत होता. जूनमध्ये 5,900 रुपयांची फी माफ झाल्याचा मेसेज आला होता, अभिनंदनाच्या फुग्यांसकट. तोपर्यंत दोन महिन्यांचं व्याज तेरा हजारांच्या पुढे गेलं होतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," आत्या म्हणाली. "तू पाय आधी पसरलेस आणि मग अंथरूण आणलंस. तेही उधारीवर."

"पण आत्या, पॉइंट्स पण जमलेत. चौदा हजार दोनशे!"

"ते कशात मोजतात? रुपयांत सांग."

विमानाचं तिकीट काढलं तर एका पॉइंटचे 25 पैसे. बिलातून वळते करून घेतले तर 20 पैसे. म्हणजे 2,840 रुपये, आणि वळते करून घेण्याची फी 99 रुपये अधिक जीएसटी वजा जाता हातात 2,723. पेट्रोलचं काय? माधवच्या स्कूटरला महिन्याला चारशेचं लागतं. एक टक्का अधिभार माफ. महिन्याला चार रुपये.

आत्या उठली, खिळ्यापाशी गेली आणि चालू वर्षाचं कॅलेंडर उचलून मागचं खाली काढलं. मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तिने महिने लिहायला घेतले. राधिका शेजारी बसून आपलंच अक्षर वाचून दाखवत होती. मेपर्यंत वाण्याचा आकडा आठ हजारांच्या आतबाहेर. जूनपासून मॉल, आणि आकडा दहा, साडेदहा, दिवाळीआधी अकरा हजार.

"आत्या, मी कशात काही वाढवलं नाही हो," राधिका म्हणाली. "डाळ-तांदूळ तेच. तिथे गेलं की चार वस्तू गाडीत पडतात, एवढंच."

"तुझ्यावर कुठे म्हणतेय मी? तारीख बघ. कार्ड आलं त्याच महिन्यापासून."

शंभरामागे एक रुपया मिळावा म्हणून हे घर महिन्याला अडीच-तीन हजार जास्त खर्च करत होतं, आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कॅलेंडरवर मात्र ते निळ्या शाईत लिहिलेलं होतं, घरातल्याच हाताने.

मग आत्याने पुढचं विचारलं. वर्षात विमान किती वेळा? एकदा. गणपतीला कुडाळला कशाने गेलात? कोकणकन्येने. हॉटेलात राहिलात किती रात्री? शून्य. गोल्फ तिने विचारला नाही, माणसाची अब्रू राखायची तिला सवय होती. पत्रिकेवर उरलं ते असं: वाणी, औषधं, मोबाइल आणि नेट, ऑनलाइन खरेदी.

"हा तुझा संसार," ती म्हणाली. "कार्ड याला हवं. तू घेतलंस ते दुसऱ्या कुणाच्या संसाराला."

त्या दुसऱ्या कुणाला माधव ओळखतही होता. आमच्या तळमजल्यावरचा मुलगा औषध कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. त्याच्याकडे हेच कार्ड आहे. विमान, हॉटेल सगळं कार्डावर, कंपनीकडून पैसे परत, बिल तारखेच्या आत पूर्ण. लाउंजमध्ये तो इतक्यांदा जेवतो की तिथल्या इडलीला कंटाळलाय. त्याची फी तीन महिन्यांत वसूल होते. कार्डात काही खोट नव्हती.

आधी आग विझवायची होती. माधवने ऑफिसच्या पतपेढीतून पगारतारण कर्ज काढलं, वर्षाला 12 टक्क्यांनी, आणि कार्डाची बाकी एकरकमी फेडली. मग कार्ड बंद करायला फोन केला. पलीकडची मुलगी गहिवरली. पुढच्या वर्षीची फी आत्ताच माफ करते म्हणाली, पाच हजार बोनस पॉइंट देते म्हणाली. माधवने फोन हाताने झाकून आत्याकडे पाहिलं. आत्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. माधव म्हणाला, "बंदच करा." थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमाने बंधनकारक आहे, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे. आत्याला हे पाठ होतं. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. ती थोडी हिरमुसली असं मला वाटलं.

नवीन कार्ड लगेच घेऊ दिलं नाही तिने. "आधी तीन महिने लिही," म्हणाली. लिहून झाल्यावर माधवने एक बिनफीचं रुपे कार्ड घेतलं, यूपीआयला जोडता येणारं. वाण्याकडे मशीन नसलं तरी दुकानाच्या खात्याचा क्यूआर आहे, त्यावर ते चालतं. दूधवाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या खात्याचा, तिथे चालत नाही; दूध पूर्वीसारखंच खात्यातून जातं. एक टक्का परतावा थेट बिलातून वजा होतो. पॉइंट नाहीत, लाउंज नाही. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी व्यवस्था आत्याने चिपळूणला परतण्याआधीच समोर बसून समजावून ठेवली होती. किराणा वाण्याकडे परत आला आणि दुसऱ्याच महिन्यात साडेआठ हजारांवर उतरला.

यंदाच्या पाडव्याला माधवकडे पुन्हा पेढे होते, मुलीला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. टीव्ही अजून आहे. तो परत घेत नाहीत. नव्या कार्डावर तोपर्यंत 611 रुपये परतावा जमा झाला होता. राधिकाने तो आकडा पाडव्याच्या चौकोनात लिहून ठेवलाय. ट्रॉली बॅग माळ्यावर आहे, तिच्यात गोधड्या भरल्यात.