रक्ताचा थेंब आणि ज्ञानाचा अधिकार

सत्य किती लवकर कळावें, हा प्रश्न पूर्वीच्या नीतिविचारकांस फारसा पडला नाहीं. कारण तें लवकर कळण्याचीं साधनेंच नव्हतीं. आज बोटाला सुई टोंचून काढलेला थेंब पट्टीवर ठेवला कीं रक्तांतील साखर कांहीं सेकंदांत आंकड्यांनीं उमटते. पट्टीवरील विकराच्या क्रियेनें सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो व यंत्र तो मोजतें. या विद्येचा पाया १९६२ सालीं क्लार्क व लायन्स या संशोधकांनीं अमेरिकेंत घातला. एचआयव्हीच्या झटपट चाचणींत तर केवळ एक रंगीत रेघ अर्ध्या तासाच्या आंत बोलकी होते.

हा लाभ लहान नव्हे. साताऱ्याच्या पाटण-जावळीच्या डोंगरांतून किंवा सांगलीच्या जत-आटपाडीच्या माळावरून आलेल्या बाईस निकालासाठीं दुसरी खेप घालावी लागत नाहीं. परंतु साखरेच्या आंकड्यानें घर चिंतेंत पडतें. त्या रेघेनें बाईला घरच सोडावें लागूं शकतें. हा भेद यंत्रास कळत नाहीं. तो आपण ओळखला पाहिजे.

कोणी म्हणतील, समाजाच्या रक्षणासाठीं सर्वांचें रक्त सक्तीनें तपासावें. आमच्या मतें सक्तीच्या भयानें माणूस तपासणीपासूनच दूर पळतो, आणि मग रक्षण कोणाचेंच होत नाहीं. सांगलींत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेनें उलट मार्ग धरला. वेश्याव्यवसायांतील स्त्रियांनाच तिनें एकमेकींच्या आरोग्यशिक्षिका केलें; १९९६ सालीं त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. ज्यांना समाज रोगाचें मूळ म्हणत होता, त्याच रोगनिवारणाच्या कार्यकर्त्या झाल्या.

यावर एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. पतीचा रोग पत्नीपासून लपवावा काय? २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला, तपासणीस समजून-उमजून दिलेली संमति मागतो व गुप्तता राखावयास सांगतो. तथापि जोडीदारास मोठा धोका असून समुपदेशनानंतरही रोगी स्वतः सांगणार नाहीं अशी खात्री झाल्यास, रोग्यास पूर्वसूचना देऊन वैद्यास तें सांगतां येतें. मात्र सांगितल्यानें स्त्रीवर मारहाण वा परित्यागाचा प्रसंग येण्याचा संभव असेल, तर तिच्या स्वतःच्या रोगाविषयीं पतीस कळविण्याचें बंधन कायदा तिच्यावर घालीत नाहीं. आम्हांस हा विवेक योग्य वाटतो. गुप्तता हा रोग्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालण्याचा परवाना नव्हे.

शिवाय रेघ म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. संसर्गानंतर कांहीं आठवडे ती उमटतही नाहीं, आणि उमटली तरी निराळ्या चाचण्यांनीं ती पडताळावी लागते. म्हणून पट्टी गांवोगांव अवश्य जावी. पण तिच्याबरोबर धीर देणारा, तोंड बंद ठेवणारा माणूसही जावा. तो पाठविण्याची व्यवस्था न करतां केवळ पट्ट्या वांटणें, यास आम्ही लोकसेवा म्हणणार नाहीं.