माप चुकलं, पाय नाही

दोस्तहो, चपलेवर लेख लिहितोय म्हणून हसू नका. आधी वाचा.

गेल्या पावसाळ्याआधी आयला घेऊन आजऱ्याच्या बाजारात गेलो. तिला चप्पल घ्यायची होती. एवढंच काम. आयचं वय सत्तरीच्या पुढं. अंगठा आत वळलेला, त्याच्या बुडाचं हाड बाहेर आलेलं, पंजा रुंद, टाचेला भेगा, चवड्याखाली कुरूप. पाच दुकानं हिंडलो. लांबीला बसणाऱ्या चपलेत बोटं कोंबावी लागायची. रुंदीला बसणारी घेतली की ती टाचेमागं दोन बोटं लोंबायची. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "म्हातारीचा पायच बेढब आहे. त्याला आम्ही काय करणार?"

त्याचा राग आलाच. पण खरं लागलं ते पुढचं. आय खाली बघत म्हणाली, "व्हय बाबा. पायच वंगाळ हाय माजा. चपलंची काय चूक?"

हा लेख त्या वाक्यावर आहे. वस्तू माणसाला बसत नाही तेव्हा चूक कुणाची? माणूस ती चूक आपल्या अंगावर का घेतो?

आधी मापाचं बघू. आपल्या बाजारात चालत आलेले नंबर इंग्रजांचे. एका नंबरात आणि पुढच्या नंबरात फरक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, तोही फक्त लांबीचा. रुंदी त्या आकड्यात येतच नाही. कारखाना एका लांबीला बहुधा एकच रुंदी काढतो. स्वातंत्र्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षं होईपर्यंत या देशातल्या माणसांचे पाय कसे आहेत हे देशभर नीट मोजलंच नव्हतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात एक लाखावर लोकांचे पाय मोजले. निघालं काय? आपले पाय सरासरीनं या मापांपेक्षा रुंद. म्हणजे आयचा पाय बेढब नव्हता. माप परकं होतं, आणि बदनाम पाय झाला.

आपल्याला हे नवं नाही. आपली बोली अशुद्ध, आपलं लिखाण बेढब, आपली पोरं गुणवत्तेत बसत नाहीत, असं ऐकतच आपण वाढलो. माप कुणी केलं हे विचारायच्या आधी आपण आपला पाय आखडून घेतो. गुलामीची सवय मनात उरते म्हणतात ती हीच.

आता पायाचं बघू. हा पाय असा झाला कसा? जन्मतः तो सगळ्यांसारखाच होता. जो आयुष्यभर अनवाणी चालतो त्याची बोटं फाकतात, पंजा पसरतो. हा रोग नव्हे, भुईला धरून चालणाऱ्या पायाची ती रीत आहे. रोग लागला तो राबण्यानं. आमच्याकडं जांभ्याचा खडक, त्यात पावसाळाभर भाताची लावणी. दिवसदिवस चिखलात पाय. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचेत भेगा. आजऱ्याच्या घनसाळ भाताला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. ज्या पायांनी तो लावला त्यांना चप्पल मिळाली नाही.

आणि चप्पल असती तरी काय? वरच्या आळीतून जाताना आपल्या माणसांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही रीत महाराष्ट्रातल्या गावोगावी होती. वहाण ही पायाची सोय आहे असं आपण समजतो. गावानं तिचा पायरी दाखवायचा खुंटा केला. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण कुणाला उद्देशून वापरतात हे सांगायला नको. म्हणून बाबासाहेबांचे पुतळे बघताना मी आधी पाय बघतो. त्या पायात बूट असतात. आमच्या आजा-पणजांना त्याचा अर्थ पुस्तक न वाचता कळला होता.

आता कोल्हापुरीकडं या. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, वर बायकांच्या हातची नाजूक वेणी. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं तशाच चपला मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. आपल्याकडचे झाडून सगळे चिडले. चिडायलाच हवं होतं. पण दोस्तहो, इटलीवाल्यानं नाव विसरलं ते एकदा. गावानं तर ती चप्पल पायात घातली आणि शिवणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्याचा निषेध कितीजणांनी केला?

इथं आपणही सुटत नाही. मेलेलं ढोर महारानं ओढायचं, कातडं ढोरानं कमवायचं, चप्पल चांभारानं शिवायची. तिघांनाही गावानं बाहेर ठेवलं, आणि तिघांनी एकमेकांना आपल्या चुलीपासून लांब ठेवलं. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत. १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडायचं ठरलं, ते स्वाभिमानाचं पाऊल होतं. पण काम सोडलं म्हणजे ते काम करणाऱ्या दुसऱ्याला कमी लेखायचा परवाना मिळत नाही. आपल्या सभेत शेजारचा चर्मकार भाऊ का येत नाही, याचा विचार आपण केला पाहिजे.

एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "माणसं जाळली जातात आणि तू चपलेच्या आरामावर लिहितोस?" प्रश्न रास्त आहे. लढणाऱ्यानं आराम मागावा का?

याचं उत्तर विनयपिटकात आहे. सोण नावाचा चंपेच्या धनिकाचा मुलगा भिक्खू झाला. अनवाणी चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले, वाट रक्तानं भिजली. तथागतांनी ते बघितलं. त्याला शाबासकी दिली नाही. वीणेची तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही, हे त्याला समजावलं आणि एकेरी तळाची वहाण वापरायची परवानगी दिली. सोणानं काय म्हणावं? एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळणार असेल तर घेईन. मग परवानगी सगळ्या संघाला मिळाली. पुढं ज्याचे पाय दुखतात, फुटलेत किंवा ज्याला कुरूप आहे त्याच्यासाठी वेगळी सवलत दिली. अवंती-दक्षिणापथात जमीन राठ आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली, म्हणून तिथं जाड तळाच्या वहाणांना मुभा मिळाली.

यात तीन गोष्टी आहेत. रक्त काढणं म्हणजे साधना नव्हे. नियम माणसाच्या पायाकडं आणि पायाखालच्या भुईकडं बघून बदलायचा असतो. आणि सोय मागायची ती सगळ्यांसाठी.

नोव्हेंबर १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. मार्च २०१८ मध्ये शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला चालत आले. सोललेल्या तळपायांचे फोटो छापून आले आणि मुंबईकरांनी चपला आणून दिल्या. त्या चपलांनी मोर्चा मवाळ झाला नाही. दुखऱ्या पायाचं कौतुक करायला फोटो काढणाऱ्याचं काय जातं? दुसऱ्या दिवशी चालायचं असतं ते चालणाऱ्याला.

बौद्ध आचार्य शांतिदेवांनी मांडलेला एक विचार इथं आडवा येतो. सगळी पृथ्वी झाकायला चामडं कुठून आणणार? आपले पाय झाकले की पृथ्वी झाकल्यासारखीच. मनाला आवर घालायच्या संदर्भात ते खरं आहे. पण वाटेवरचे काटे कुणीतरी मुद्दाम पेरले असतील तर? तेव्हा नुसती आपली वहाण पुरत नाही. आपल्यातले जे नोकरीला लागले, मऊ बूट घालून शहरात गेले, त्यांनी हे स्वतःला विचारावं. पायात चप्पलही हवी आणि वाटेवरचे काटेही काढायला हवेत. एक मिळालं म्हणून दुसरं सोडणं ही फसवणूक आहे.

आयचं पुढं काय झालं? बाजाराच्या कडेला बसणाऱ्या एका चर्मकार काकांकडं गेलो. त्यांनी नंबर विचारला नाही. कागद भुईवर ठेवला, आयला त्यावर भार देऊन उभी केली आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. दोन पाय सारखे नव्हते, दोन मापं घेतली. हाडाच्या जागी पट्टा रुंद केला, आत मऊ रबर घातलं. म्हणाले, "पाय बघून चप्पल शिवायची आसती मावशी. चप्पल बघून पाय शिवता येत न्हाई." आय हसली. आता ती रोज ओढ्यापर्यंत चालत जाऊन येते. दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय.

तर दोस्तहो, पुढच्या बैठकीआधी एक काम करा. कागद-पेन्सिल घेऊन वस्तीत फिरा, म्हाताऱ्या माणसांचे पाय आखा. संध्याकाळी आखा, तेव्हा पाय सुजलेला असतो. दोन्ही पाय आखा. चप्पल त्या कागदावर ठेवून बघा, रेघ बाहेर दिसली तर ती घेऊ नका. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा ठेवा. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाला असेल त्याला अनवाणी हिंडू देऊ नका, पायात घालायच्या आधी चपलेत हात फिरवून खडा-खिळा बघायला सांगा, आणि कुरूप ब्लेडनं कापू देऊ नका, दवाखान्यात न्या. मग ते कागद घेऊन चर्मकार भावाकडं जा. मागेल तो दाम द्या. त्याच्या ओट्यावर बसून चहा प्या आणि त्याला आपल्या बैठकीचं बोलावणं करा.

आणि घरात कुणी "माझाच पाय वंगाळ" म्हणालं, तर ऐकून गप्प बसू नका.

जयभीम.