निरुपायाची हिंसा आणि आपले ऋण

मोठा अनर्थ टाळण्यासाठी लहान अनर्थ पत्करावा, हे व्यवहाराचे सूत्र सर्वांस मान्य आहे. परंतु निरुपाय म्हणून पत्करलेला अनर्थ त्यामुळे दोषरहित ठरतो काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. पक्ष्यांच्या इन्फ्ल्यूएन्झाची साथ आली म्हणजे लक्षावधी कोंबड्या मारून पुरल्या जातात. ते वृत्त वाचून काही लोक ‘केवढे हे पाप’ म्हणून हळहळतात; काही ‘माणसे वाचली, मग पाप कसले?’ असे म्हणून मोकळे होतात. या दोन्ही मतांत सत्याचा अर्धाच भाग आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इन्फ्ल्यूएन्झाच्या बहुतेक विषाणूंचे मूळ वसतिस्थान म्हणजे रानबदके व अन्य पाणपक्षी होत. त्यांच्या आतड्यांत हे विषाणू बहुधा काही उपद्रव न देता राहतात. तेथून ते पाळीव कोंबड्यांत शिरतात. आणि एका छपराखाली जेथे हजारो पक्षी दाटीवाटीने कोंडलेले असतात, तेथे त्यांच्यातील काही जातींस उग्र रूप धारण करण्यास भरपूर वाव मिळतो. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांत एच-५ एन-१ या जातीचा असाच एक घातक विषाणू सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांस तशाच विषाणूची बाधा होऊन ६ जण दगावले. तेव्हा वर्षअखेरीस तेथील सरकारने १० लाखांहून अधिक कोंबड्या मारविल्या, आणि ती साथ तेथेच थांबली. आपल्या देशात हा रोग प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेथेही लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरावे लागले. हे करणे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. माणसांत पसरू पाहणारा रोग आवाक्यात असतानाच रोखणे, हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होय.

परंतु प्राण्याने रोग द्यावा आणि माणसाने तो निमूटपणे सोसावा, एवढाच हा व्यवहार नाही. १९१८ च्या साथीने, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत, एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले असा अंदाज आहे. त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेच्या आयोवा राज्यात डुकरांचे कळपच्या कळप तशाच तापाने आजारी पडले. तो रोग माणसांकडूनच डुकरांत गेला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २००९ साली जी साथ जगभर पसरली तिला डुकराचे नाव मिळाले, आणि तिचा विषाणू डुकरांतून माणसांत आला हेही खरे. पण पुढे तोच विषाणू माणसांनी अनेक देशांतील डुकरांस परत दिला. अर्थात् सृष्टीच्या या जाळ्यात आपण बाहेर उभे राहून पाहणारे प्रेक्षक नव्हे, तर त्यातीलच एक गाठ आहो.

आता याच २००९ सालची एक घटना पाहावी. साथीच्या भीतीने इजिप्तच्या सरकारने देशातील सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. त्या वेळी त्या देशात एकही रुग्ण सापडलेला नव्हता, आणि डुकरे मारून ही साथ थांबणार नाही असे तज्ज्ञ सांगत होते. साथ आली ती माणसांबरोबरच आली. मात्र कैरो शहरातील कचरा वेचून त्यातील उष्ट्यावर डुकरे पोसणाऱ्या गरीब लोकांची उपजीविका बुडाली आणि रस्त्यांवर खरकट्याचे ढीग साचले. हाँगकाँगची हिंसा निरुपायाची होती. इजिप्तची हिंसा भयाची होती. बाहेरून पाहता दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात, म्हणूनच त्यांतील भेद ओळखण्यास विवेक लागतो.

या ठिकाणी आपल्या शास्त्रकारांच्या एका विचाराची आठवण होते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच वस्तूंना मनुस्मृतीत गृहस्थाची पाच हिंसास्थाने म्हटले आहे. यांतील एकही वस्तू टाकून देण्यास शास्त्राने सांगितलेले नाही. कारण त्यांच्यावाचून संसार चालत नाही. परंतु ‘संसार चालत नाही, सबब दोष नाही’ असेही त्याने म्हटले नाही. दोष लागतोच असे सांगून त्याच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांतील भूतयज्ञ हा प्राणिमात्रांस अन्नाचा भाग देण्याचा आहे. गोग्रास काढणे किंवा कावळ्यास घास ठेवणे याला आपण आज केवळ रूढी समजतो. परंतु मुळात ती रोजची कबुली आहे. आपले जगणे इतर जीवांच्या जिवावर चालले आहे, हे गृहस्थाने दिवसातून एकदा तरी स्मरावे, एवढाच तिचा आशय.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते. निरुपायाने केलेली हिंसा क्षम्य असेल, पण ती शून्य होत नाही; तिचे ऋण मागे उरते. ऋण मान्य केले म्हणजे ते फेडण्याची बुद्धी होते. ज्या पाळणाऱ्याचे सारे पक्षी इतरांच्या सुरक्षिततेसाठी मारले गेले, त्याला योग्य भरपाई वेळेवर मिळावी, हा त्या फेडीचा पहिला भाग. पुन्हा तशी पाळी येऊ नये म्हणून दाटीवाटीचे कोंडवाडे विरळ करावे, ते स्वच्छ राखावे, रोगाची वर्दी दडवू नये, हा दुसरा. जो ऋणच मानीत नाही, तो दर साथीला नवा खड्डा खणील आणि पुढील वर्षी पुन्हा तितक्याच कोंबड्या कोंडील.

‘आम्ही अंडे-मांस खात नाही, तेव्हा हा विचार आमच्यासाठी नाही,’ असे आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींस वाटेल. त्यांच्या आचाराविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि मार्च २०२४ मध्ये हाच एच-५ एन-१ विषाणू अमेरिकेतील दुभत्या गाईंत आढळला. तो त्यांच्या कासेत वाढतो आणि दुधात उतरतो. ते कच्चे दूध पिऊन गोठ्यांतील मांजरे मेली. दूध नीट तापविले असता हा विषाणू मरतो, त्यामुळे आपल्या घरच्या उकळलेल्या दुधाविषयी भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु अधिकाधिक दुधाचा हव्यास आणि त्यासाठी एकत्र कोंडलेली जनावरे यांच्याशी आपला काही संबंध नाही, असे दूध पिणाऱ्याने म्हणू नये.

शिवाय ज्यांनी आपणांकडून काहीच घेतले नाही, त्यांनाही या रोगाने सोडलेले नाही. २०२३ साली अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हत्ती-सील नावाच्या सागरी प्राण्यांची सुमारे १७ हजार पिल्ले या रोगाने मेली. त्या वर्षी तेथे जन्मलेल्यांपैकी फारच थोडी वाचली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या यालाच बळी पडले. देवीचे वाहन म्हणून ज्याची प्रतिमा आपण पूजितो, तो वाघ कोंबड्यांच्या रोगाने मरावा, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

मनुष्य सृष्टीचा स्वामी आहे काय? रोगाने तर तसे मानलेले दिसत नाही. मग तो इतर प्राण्यांसारखाच एक आहे काय? देहाने आहे, परंतु रोग कोठून आला आणि कसा पसरतो हे बदकास कळत नाही, माणसास कळते. ज्याला कळते त्याच्यावर जबाबदारी येते. आमच्या मते सृष्टीतील मनुष्याचे श्रेष्ठत्व काही असेलच तर ते एवढेच, आणि ते भोगण्याचे नसून वाहण्याचे आहे.

तेव्हा आपल्या मंदिराच्या आवारात अगर घराजवळ एकाएकी पक्षी मरून पडलेले आढळल्यास त्यांस हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे. पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे रोज घासून भरावे. आणि नैवेद्यापूर्वी गाईचा व कावळ्याचा घास काढताना तो घास कशाची कबुली आहे हे घरातील मुलांस एकदा समजावून सांगावे, अशी सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.