घरीं केलेलें मद्य निर्दोष आहे काय?

फाल्गुन सरून चैत्र लागतो तेव्हां यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगांव व घाटंजी ह्या तालुक्यांतील रानांत मोहाचें झाड रात्रभर फुलें गाळीत असतें. उजाडण्यापूर्वींच बायका व लेंकरें टोपल्या घेऊन झाडाखालीं बसतात. हें फूल वाळलें म्हणजे त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असते. म्हणून त्याची भाकर होते, तें डाळींत शिजतें, टंचाईच्या दिवसांत त्यानें कित्येक घरें तगलीं आहेत. त्याचीच दारूहि होते. तिच्याविषयीं आमच्या मंडळ्यांतून वारंवार निघणारा प्रश्न असा: जी आम्ही विकीत नाहीं, जी दुकानांतून आणीत नाहीं, जी आपल्या रानच्या फुलांची आपल्याच चुलीवर काढून पाहुण्यास मानानें देतों, तींत पाप कोणतें?

दारू वाईट, एवढें बोलून विचारणाऱ्यास वाटेस लावणें सोपें आहे. परंतु तें उत्तर नव्हे. विचारणारा कांहीं मूर्ख नसतो. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला तेव्हां काय झालें हें त्यानें ऐकलें आहे, व पौलानें तीमथ्यास पोटाच्या दुखण्याकरितां काय सांगितलें तेंहि त्याला ठाऊक आहे. शिवाय कोलामांच्या पोडावर किंवा गोंडांच्या गांवांत जन्म, लग्न व मरण ह्यांपैकीं एकहि प्रसंग मोहाच्या घोटावांचून पुरा होत नसे. तो घोट सोडणें म्हणजे भाऊबंद सोडणें, असा त्याचा अर्थ पुष्कळ घरांत होतो. तेव्हां प्रश्न जड आहे.

प्रथम मडक्यांत काय होतें तें पाहूं. फुलें पाण्यांत भिजत पडलीं कीं किण्व नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन तिचें मद्यार्क व वायु करतात. मद्यार्क शेंकडा 14-15 च्या सुमारास पोंचला म्हणजे हे जीव आपल्याच कृतीनें मरतात. सृष्टीनें येथें एक कुंपण घातलेलें दिसतें. मनुष्य तें कुंपण अग्नीनें ओलांडतो. मद्यार्क 78 अंशांवर उकळतो व पाणी 100 अंशांवर, म्हणून आधीं उठणारी वाफ थंड केली कीं कडक दारू हातीं येते. फुलांत विष नव्हतें व पाण्यांतहि नव्हतें. म्हणून मोहाचें झाडच सैतानाचें आहे असें जे कोणी उपदेशक बोलतात त्यांनीं तें बोलणें सोडावें. त्या झाडाखालीं वाढलेल्या माणसास तें कधींच पटणार नाहीं, व पटूं नये.

अलीकडे शहरांतील सुखवस्तु घरांत दुसरी एक रीत निघाली आहे. विकतच्या दारूंत संत्र्याची साल, जांभळें किंवा आंवळे घालून बरणी महिना-दोन महिने ठेवावी, नंतर गाळून साखरेचा पाक मिसळावा, व लहान पेल्यांतून पाहुण्यास द्यावें. हें दारू नव्हे, फळांचा अर्क आहे, असें सांगतात. परंतु हिशेब पाहा. आपल्या देशांतील बाटलीबंद दारू बहुधा शेंकडा 42.8 मद्यार्काची असते. तींत तेवढाच पाक घातला तरी 21 च्या वर उरतो, म्हणजे मडक्यांत नुसत्या आंबलेल्या मोहापेक्षां ती अधिकच कडक. फळानें जोर कमी होत नाहीं, फक्त जिभेला कळत नाहीं. कडू घोट स्वतःच माणसास सावध करतो; गोड घोट लेंकरूंहि सरबत समजून पिईल.

ह्या दोन घरांस जग एकाच मापानें मोजीत नाहीं, हें मात्र आम्ही स्पष्ट बोलतों. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारू काढणें गुन्हा आहे, आणि धाड पडते ती बहुतकरून रानांतील भट्टीवर. इंग्रज सरकारनें 1892 त ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा केला, तो कांहीं केवळ गरिबांच्या कल्याणाकरितां नव्हे. आबकारीचें उत्पन्न बुडूं नये हा त्यांतील हेतु होता. ह्यांत अन्याय आहे. तरी धाड अन्यायाची म्हणून भट्टी न्यायाची होते असें नाहीं.

घरची दारू भेसळीची नसते, हेंहि म्हणणें अगदींच खोटें नाहीं. 2015 च्या जूनांत मुंबईच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं, ती दारू कोणाच्या घरची नव्हती. परंतु 2021 च्या एप्रिलांत, टाळेबंदीनें दुकानें बंद असतां, आपल्याच जिल्ह्यांतील वणी येथें हात धुण्याचें जंतुनाशक पिऊन सात जण मेले, तेहि घ्यावें. त्यांना भेसळीनें फसविलें नाहीं. संवय लागली म्हणजे पदार्थाची शुद्धता कोण पाहतो?

आमच्या मतें खरा दोष आणखी जवळ आहे. फूल वेंचतें कोण, व पितें कोण? पहांटेच्या अंधारांत कंबर वांकवून वेंचणारी घरची बाई. पिणारा बहुधा दुसरा. तीं फुलें बाजारांत गेलीं असतीं तर ज्वारी आली असती. "आम्ही विकीत नाहीं" हें बोलणारा हें विसरतो कीं न विकल्यानें किंमत नाहींशी झाली नाहीं. ती तिनें दिली. महाराष्ट्रांत बायकांच्या मतांनीं दुकान बंद करण्याची सोय आहे. निम्म्यांहून अधिक बायकांनीं आडव्या बाटलीस मत दिलें कीं दुकान उठतें. पण स्वतःच्या चुलीवरील मडक्याविरुद्ध तिनें मत कोणत्या पेटींत टाकावें? घरांतलें म्हणून जें निर्दोष म्हणतात, तें घरांतलें म्हणूनच तिला अधिक जाचतें.

पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14 व्या अध्यायांत मांसाचा व द्राक्षारसाचा प्रश्न पदार्थावरून न सोडवितां शेजारच्या दुर्बळ भावावरून सोडविला आहे. तो अध्याय उपदेशकांनीं चुलीजवळ बसून वाचावा, व घरच्या बाईस ऐकूं येईल असा वाचावा.

मग पाहुण्यास काय द्यावें? 1869 त अमेरिकेंत थॉमस वेल्च नांवाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानें प्रभुभोजनाकरितां द्राक्षांचा रस बाटल्यांत भरून असा तापविला कीं किण्व मरून तो आंबला नाहीं. युक्ति साधी आहे, आणि संत्र्याच्या रसासहि चालते: स्वच्छ बाटली, चांगला ताव, घट्ट बूच. मोहाचीं फुलें भाजून तिळांबरोबर कुटलेला लाडू तर पाहुण्यापुढें ठेवण्यास केव्हांहि चांगला.

अडचण उरते ती दुसऱ्याच्या दारीं. लग्नघरीं म्हातारा काका दोन्ही हातांनीं द्रोण पुढें करतो तेव्हां विश्वासणाऱ्यानें तोंड फिरवून उठूं नये. बसावें, काकाच्या पायां पडावें, "काका, पाणी द्या" असें म्हणावें, व जेवण होईपर्यंत त्याच पंगतींत राहावें.